जुळलं नाही

पुण्याच्या हॉस्पिटलात माझ्या हातात पहिला फॉर्म दिला, तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. सोलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. नोकरीतली निम्मी वर्षं फॉर्म भरण्यात आणि भरून घेण्यात गेलेली, त्यामुळे पेन काढून सरसर लिहीत गेले. वय, पत्ता, रक्तगट, साखर किती वर्षं. मग एक चौकट आली. जवळचे नातेवाईक. नवरा, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. नवऱ्यापुढं आडवी रेघ मारली. मुलगा, मुलगी, रेघ. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. बहीण नाही. सगळ्या रेघा झाल्यावर एकाच ओळीत अक्षरं उरली. भाऊ, एक, वय सेहेचाळीस, शेती, वळसंग.

समोरच्या टेबलावर एक को-ऑर्डिनेटर बाई होत्या. पेशंट, डॉक्टर आणि अवयव देणारं माणूस या सगळ्यांची गाठ घालून देणं हे त्यांचं काम. त्यांनी कागद फिरवून वाचला.

"एकटेच राहता?"

"हो."

"भाऊ देतील?"

मी म्हणाले, "विचारावं लागेल."

त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझं लिव्हर निकामी होत आलं होतं, ते बदलायला हवं होतं आणि त्याला दोनच वाटा होत्या. घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा भाग द्यायचा. तो कापला तरी देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा भरून येतं. किंवा मग यादीत नाव घालायचं. ब्रेन डेड झालेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी होकार दिला, रक्तगट जुळला आणि माझा क्रम लागला, तर फोन येणार. "आपल्याकडे बहुतेक घरातलेच देतात," त्या म्हणाल्या. "यादीच्या भरवशावर राहणारे म्हणजे ज्यांना घरात कुणी..." पुढचं त्यांनी गिळलं.

त्या हॉलमध्ये मी दोन तास बसले होते. ग्रंथालयात बसून बसून माणसं न्याहाळायची सवय लागलेली. घ्यायला आलेले बहुतेक पुरुष होते आणि शेजारी फाईल मांडीवर धरून बसलेल्या, द्यायला आलेल्या, बहुतेक बायका. बायको, आई, एखादी लेक. कुणी बाई घ्यायला आली आहे आणि तिचा भाऊ द्यायला आला आहे, अशी जोडी मला त्या दिवशी काही दिसली नाही.

मी कधी दारूला शिवले नाही, हे इथं सांगायची गरज नाही. पण आजारपणाच्या दोन वर्षांत ते इतक्या जणांना सांगावं लागलं की आताही आपसूक तोंडावर येतं. पंधरा वर्षांची साखर, वाढलेलं वजन, लिव्हरवर साचलेली चरबी. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, "पूर्वी माझ्याकडे पिणारे आणि काविळीचे यायचे. आता तुमच्यासारखे वाढलेत." आधी थकवा. मग पाय सुजायला लागले. मग पोटात पाणी. साडीच्या निऱ्या बसेनात. कॉलेजात मुली वर बघत नसत आणि प्राध्यापक बायका जरा जास्तच बघत. एकदा तर नेहमीच्या माणसाला पुस्तक काढून देताना 'तारीख' हा शब्दच आठवेना. शिक्का हातात धरून मी तशीच उभी. अंगातलं विष डोक्यात चढतं, तेव्हा असं होतं म्हणे. त्यावर एक गोड पातळ औषध होतं, ते घेतलं की दिवसातून चार वेळा धावावं लागे. ते घेऊन कामावर जाता येत नसे आणि न घेता गेलं की शब्द हरवत. शेवटी मी रजा टाकली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, बिनमिठाची भाजी आणि मी. दिवसचे दिवस मी कुणाशी बोलले नाही असं व्हायचं. दूधवाल्याला "उद्या अर्धाच" म्हटलं, की स्वतःचाच आवाज घोगरा वाटायचा.

भावाला विचारायला मी वळसंगला गेले. फोनवर विचारण्यासारखी गोष्ट नव्हती. तो तुरीच्या रानातून आला, हातपाय धुतले, समोर बसला. आईच्या मागं मीच त्याला वाढवलेलं, म्हणजे सहा वर्षांचंच अंतर, पण तो अजून मला अक्का म्हणताना मान जराशी खाली घालतो.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, किती भाग कापतात, किती दिवस पडून राहावं लागतं, धोका किती. तो माझ्याकडं न बघता ऐकत होता. आत वहिनीच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मग त्यात इचारायचं काय, अक्का?" तो म्हणाला. "मी हाय की."

"विचार कर. घरात बोल."

"बोलायचं काय हाय? माजं लिवर न्हवं, जीव माग की."

वहिनी चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला आणि ती उभीच राहिली. माझ्या बिनसाखरेच्या चहात तिनं साखर घातली होती. ती अशी विसरणारी नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. आम्ही दोघं तीन वेळा पुण्याला गेलो. त्याचा रक्तगट माझाच. पहिल्या स्कॅनमध्ये त्याच्याही लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, आठ किलो वजन उतरवा, तीन महिन्यांनी या. माझ्या भावानं ते केलं. रोज पहाटे वळसंगच्या रस्त्यानं चालत जाऊन यायचा, भात सोडला, तळलेलं सोडलं. फोन करून वजन सांगायचा. "अक्का, तीन उतरलं." "अक्का, आज साडेपाच." त्या तीन महिन्यांत आम्ही जितकं बोललो तितकं त्याच्या लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. मला लाज वाटते सांगायला, पण ते माझे बरे दिवस होते.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला, पुन्हा रक्त. शेवटी त्याला एकट्याला आत बोलावलं. एक डॉक्टर आणि एक समुपदेशक बाई, बंद खोलीत, नातेवाइकांपैकी कुणी नाही. अर्ध्या तासानं तो बाहेर आला आणि पाणी प्यायला गेला. चार दिवसांनी को-ऑर्डिनेटर बाईंचा मला फोन आला.

"तुमच्या भावाचं लिव्हर आपल्याला चालणार नाही. टीमनं तसं ठरवलंय. आपण यादीत नाव घालू या."

"काय निघालं?"

"वैद्यकीय कारण आहे," त्या म्हणाल्या. "देणाऱ्याच्या जिवाशी आपण खेळत नाही."

तो संध्याकाळी आला. दारातच म्हणाला, "जुळलं न्हाई, अक्का." आणि रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वजन उतरल्यामुळे पाठीची हाडं हाताला लागत होती.

शेवटच्या स्कॅनचं पाकीट तो तपासणीच्या दिवशी माझ्याकडंच विसरून गेला होता. आठवडाभर ते कपाटावर पडून होतं. एका दुपारी ते मी उघडलं. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण छापलेलं वाचता येतं. लिव्हर नॉर्मल. चरबी नाही. आकारमान पुरेसं. रक्तवाहिन्यांची रचना योग्य. रक्ताचे सगळे कागद सोबत होते, एकाही आकड्यापुढं खूण नव्हती.

मी पाकीट बंद केलं. बऱ्याच वेळानं कळलं, की आपण पंखाही न लावता बसलो आहोत.

नंतर कधीतरी मी वाचलं की अशी पद्धतच आहे. देणाऱ्याला एकट्याला विचारतात, मनापासून द्यायचं आहे का. तो नको म्हणाला, तर त्याचा नकार कुणाला सांगत नाहीत. घरी त्याला तोंड दाखवायचं असतं. म्हणून 'वैद्यकीय कारण' एवढंच सांगतात. मला ही रीत तेव्हाही बरोबर वाटली, आजही वाटते. पण त्या दुपारी बरोबर काय, याचा विचार माझ्या मनात नव्हता. त्या फॉर्मातल्या एकुलत्या एका ओळीवरही मीच रेघ मारली पाहिजे, असं वाटत राहिलं. राग भावाचा नव्हता. मुलंबाळं नसलेल्याला हो म्हणणं सोपं. त्याला दोन मुली होत्या, वहिनी होती, आणि पोट चिरून घ्यायचं होतं. तरी ती पहाटेची चाल? ते उतरवलेले आठ किलो? म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत तो देणारच होता, आणि त्या खोलीत कुणीतरी पहिल्यांदा त्याला विचारलं, असं मी स्वतःला समजावलं.

पाकीट मी रद्दीत घातलं. त्याला कधी दाखवलं नाही.

यादीत नाव गेलं. यादी म्हणजे रांग, असं मला वाटत होतं. जो आधी आला तो पुढं. तसं नसतं. तीन-चार रक्तचाचण्यांवरून एक आकडा काढतात आणि ज्याचा आकडा मोठा, म्हणजे ज्याच्याकडं दिवस कमी, तो वर. दर महिन्याला माझं रक्त जायचं. आकडा चढला की मी यादीत वर सरकायचे आणि घाबरायचे. उतरला की तब्येत बरी म्हणून बरं वाटायचं आणि यादीत खाली गेले म्हणूनही घाबरायचे. मरणाच्या जवळ जाल तेवढे जगण्याच्या जवळ. हा हिशेब समजून सांगायला घरात कुणी नव्हतं. त्याहून एक वाईट गोष्ट होती. हायवेवरचा अपघात पेपरात वाचला की माझं मन एक क्षण थांबायचं, कुठं झाला, किती वयाचा होता. मग मी पेपरच बंद केला.

एका सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. को-ऑर्डिनेटर बाई. "एक लिव्हर मिळण्याची शक्यता आहे. तुम्ही राखीव आहात. पहिल्या पेशंटला ताप निघाला किंवा ऐनवेळी काही अडलं, तर तुमचं. उपाशी राहा आणि लगेच निघा. सोबत कुणीतरी हवं."

सोबत कुणाला घेणार? भावाला फोन केला. तो पाऊण तासात गाडी घेऊन हजर. वाटेत टेंभुर्णीला त्यानं डिझेल घेतलं, स्वतः चहासुद्धा प्यायला नाही. "तू उपाशी हायस," म्हणाला.

चार वाजता पोचलो. रक्त घेतलं, एक्स-रे काढला, हिरवा गाऊन दिला आणि एका खोलीत बसवलं. खोलीत पडद्याच्या पलीकडं आणखी एक खाट होती. तिच्यावर तिशीतली एक बाई पडून होती, अंगानं पिवळीधमक, हाताच्या काड्या. उशाशी तिचा नवरा. श्रीपूरच्या साखर कारखान्यात कामाला होता. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, पण दोघीही उपाशी, दोघींच्या अंगावर एकच गाऊन. पहिली कोण आणि राखीव कोण, हे तिच्याकडं बघून कळत होतं.

नवरा बोलका होता. भीतीनं बोलत असावा. त्यानं माझ्या भावाला विचारलं, "तुमी कोन?"

"भाऊ."

"मग तुमी न्हाई दिलं व्हय?"

माझा भाऊ भिंतीकडं बघत म्हणाला, "जुळलं न्हाई."

"माजं बी तसंच," तो माणूस म्हणाला. "रक्तगटच येगळा. लई वंगाळ वाटतंय बगा. आपलं मानूस डोळ्यासमोर चाललंय, आन् आपलं अंग उपेगाला येत न्हाई. तुमाला बी असंच वाटत असंल की?"

माझा भाऊ उठला आणि खोलीबाहेर गेला. काचेतून मला तो दिसत होता. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभा. मी त्याला हाक मारू शकले असते. त्या क्षणी माझी स्वतःचीच लढाई चालली होती, कारण त्या बाईला दोनदा खोकला आला होता आणि दोन्ही वेळा माझं काळीज उडालं होतं. आनंदानं. तिला ताप असला तर. एवढाच विचार. मी डोळे मिटून घेतले, पण कान मिटता येत नाहीत.

तिला ताप नव्हता. साडेसहाला तिला नेलं. स्ट्रेचर माझ्या खाटेजवळून जाताना ती म्हणाली, "येते हां, काकू." जणू वाण्याकडं निघाली होती. थोड्या वेळानं नर्स आली, म्हणाली, "तुम्ही आता जेवू शकता."

मी कपडे बदलले. भावानं इडली आणली होती. दोघांनी खाल्ली. ती रात्र धर्मशाळेत काढली आणि सकाळी परत निघालो. मी गाडीत मागच्या सीटवर आडवी झाले, झोपल्याचं सोंग केलं. त्याला माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून. तो आरशातून अधूनमधून मागं बघत होता, ते मला कळत होतं.

माझी पाळी आली ती त्यानंतर पाच महिन्यांनी, एका रविवारी. तोवर माझ्या पोटातलं पाणी दर पंधरवड्याला काढावं लागत होतं. त्या वेळी मीच पहिली होते. राखीव कोण होतं, मला कळलं नाही. पडद्यापलीकडं खोकणारं कुणीतरी असणार आणि त्याच्या कानावर माझा खोकला पडत असणार. ज्याचं लिव्हर मला मिळालं त्याच्याबद्दल काही सांगत नाहीत. पुरुष की बाई, तेही नाही. मी बरी झाल्यावर त्या घरच्यांना नाव न घालता एक पत्र लिहिलं आणि को-ऑर्डिनेटर बाईंकडं दिलं. त्यातलं एकही वाक्य मला धड जमलं नव्हतं. ते पोचलं का, ठाऊक नाही.

ऑपरेशननंतर भाऊ माझ्या खोल्यांत येऊन राहिला. सव्वा महिना. रान वहिनीवर टाकून. दिवसातून दोनदा फरशी पुसायचा, माझी भांडी उकळत्या पाण्यातून काढायचा, तोंडाला मास्क लावून भाकरी थापायचा. भाकऱ्या वहिनीपेक्षा चांगल्या करायचा. औषधांच्या वेळा त्यानं भिंतीवर लिहून चिकटवल्या होत्या. मी "राहू दे रे" म्हटलं, की त्याचा चेहरा पडायचा. माझे पाय चेपायला बसायचा, तेव्हा मला सहन होईना. तो फेडतो आहे, हे दिसत होतं, आणि जे देणंच नव्हतं ते फेडून कधी संपणार?

मला वाटलं, त्याला मोकळं करावं. एका दुपारी तो तांदूळ निवडत बसला होता. मी म्हणाले, "एक सांगू? तू त्या खोलीत नको म्हणालास, ते मला माहीत आहे. तुझं काही चुकलं नाही."

त्याचा हात ताटात थांबला.

"कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. स्कॅनचा कागद वाचला."

"कवा?"

"तेव्हाच."

"म्हंजी पुण्याला गेलो तवा बी तुला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "त्यो मानूस मला इचारत हुता, तवा बी."

"हो."

"आन् तू गप बसलीस."

माझ्या मते गप्प बसणं हाच माझा मोठेपणा होता. त्याच्या चेहऱ्याकडं बघताना पहिल्यांदा कळलं, की त्याच्याकडं तेवढं एक पांघरूण होतं. हॉस्पिटलनं विचार करून दिलेलं. ते मी ओढून काढलं होतं, आणि तेही प्रेमानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आठवड्याची भाजी आणून ठेवली, तुरीला फवारणी करायची आहे म्हणाला आणि गेला. फोन वहिनीचे यायला लागले. "ते रानात हायेत," असं ती दर वेळी सांगायची. सणाला आला नाही. राखी मी पोस्टानं पाठवली.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी गर्दीत जायची परवानगी दिली, तेव्हा मी एसटीत बसून वळसंगला गेले. तो बांधावर बसला होता. मला बघून उठला, टॉवेल झटकून अंथरला. "बस की, अक्का."

बसले. तुरीवर शेंगा धरल्या होत्या. मग तो आपण होऊन बोलला.

"त्या खोलीतल्या बाईनं इचारलं मला. म्हनली, तुमाला सोताला काय पायजे? खरं सांगा, भाईर जानार न्हाई. अक्का, मला असं कवा कुनी इचारलंच न्हवतं. शाळा सोडताना न्हाई, लगीन करताना न्हाई. मी तोंड उगडलं आन् नको निगालं. मला बी तवाच कळलं."

मी म्हणाले, "मीही नव्हतं विचारलं. नुसतं सांगितलं होतं."

'नाही, तसं नव्हतं,' असं तो म्हणाला नाही. आम्ही ऊन कलेपर्यंत तिथं बसलो. मग तो मला स्टँडवर सोडायला आला, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

आता तो दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, जेवले. औषध घेतलंस का, घेतलं. तुरीला भाव काय, पोरींची परीक्षा कधी. मिनिटभर होतं आणि संपतं. मी कॉलेजात पुन्हा जाते. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा गोळ्या. शब्द आठवतात, सगळे. कधी कधी एखाद्या दुपारी वाचनालय रिकामं असतं, तेव्हा मी नकळत उजव्या बरगडीखाली हात ठेवते. तिथं कुणाचं तरी आहे, माझ्याच उबेनं उबलेलं. त्याचं नाव मला माहीत नाही, त्याला माझं माहीत नव्हतं. कुणीतरी आत येतं, पुस्तक मागतं, आणि मी उठते.